डाळ शिजत नाही, हे अर्जात लिहायचं का?

मॅडम,
मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय केमिस्ट्री. आमच्या वर्गातले तिघं उन्हाळी संशोधन फेलोशिपचा अर्ज भरतायत, म्हणून मीही भरायला घेतला. मार्क वगैरे सगळं भरून झालं, पण ‘तुम्हाला यात का यायचे आहे’ या रकान्याशी येऊन अडकलेय. “लहानपणापासूनच मला विज्ञानाची नितांत आवड आहे, डॉ. कलाम माझे आदर्श आहेत, समाजासाठी काहीतरी करण्याची माझी जिद्द आहे,” असं लिहिलं आणि मोबाइलवर एआयकडून नीट करून घेतलं. वाचायला छान वाटतं, पण त्यातलं खरं काहीच नाही. लहानपणी मला कबड्डीची आवड होती.

खरं विचाराल तर मला एखादी मोठी लॅब आतून बघायचीय, सर्टिफिकेट मिळालं तर एम.एस्सी.च्या वेळी उपयोग होईल, आणि मानधनही मिळतं. हे लिहिलं तर मी लगेच बाद होईन ना? आमच्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल पूर्ण करणं. एकदाच जरा वेगळं केलं. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, आई त्यासाठी विकतचं फिल्टरचं पाणी वापरते. म्हणून पाण्याच्या हार्डनेसचं, म्हणजे जडपणाचं प्रॅक्टिकल होतं त्या दिवशी मी घरून बाटली भरून नेली. कॉलेजच्या नळाच्या पाण्याला 9 मिली ईडीटीए (हार्डनेस मोजायचं द्रावण) लागलं, आमच्या पाण्याला 37. सर म्हणाले, काहीतरी चुकलं असेल, जर्नलमध्ये नळाचंच लिही. दुसऱ्या दिवशी लॅबच्या मामांना विचारून मी परत तीनदा केलं. तेवढंच आलं. असो, ते काही संशोधन नव्हे.

पप्पा म्हणतात, दोन महिने परगावी जाऊन काय करणार, त्यापेक्षा सुट्टीत एमपीएससीचा क्लास लाव. मला संशोधनाची प्रेरणाच नसेल तर त्यांचं ऐकावं का?
— अर्धा भरलेला अर्ज, जि. सांगली

---

तुझा अर्धा अर्ज तू या पत्रातच पुरा केला आहेस, आणि लगेच ‘ते काही संशोधन नव्हे’ म्हणून स्वतःच खोडलाही आहेस. ती खोडाखोड तेवढी मागे घे.

मी काही वर्षं अशा अर्जांच्या निवड समितीवर काम केलं. अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे येतात आणि वाचणारी माणसं त्याच आठवड्यात पेपरही तपासत असतात. ‘लहानपणापासूनच’ने सुरू होणारा अर्ज दिसला की डोळे आपोआप खालच्या ओळीवर जातात. अशा मुलांना विज्ञान आवडत नाही असं मुळीच नाही, पण त्या वाक्यातून त्या मुलाबद्दल काहीच कळत नाही. हल्ली तर एकाच साच्यातून काढल्यासारखे गुळगुळीत अर्ज येतात. शुद्धलेखन बिनचूक, उत्साह ओसंडून वाहणारा आणि माणसाचा पत्ता नाही. तू यंत्राकडून ‘नीट’ करून घेतलेला मजकूर नापास होईल की नाही ते सोड. समज पास झाला आणि पुढे गाइडने फोनवर विचारलं, “कलामांचं कोणतं काम तुला आवडतं?” तर? तिथे तुला कबड्डीच आठवणार.

आता ती तीन खरी कारणं घेऊ, जी लिहायची तुला लाज वाटतेय.

मानधन आधी. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या संशोधनात सामील करून घ्यायची पद्धत अमेरिकेतल्या ज्या एमआयटीने नावारूपाला आणली, तिथे हा कार्यक्रम 1969 मध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी सुरू केला. तिथला विद्यार्थी आजही पगार घेऊन काम करू शकतो, क्रेडिट घेऊन करू शकतो किंवा नुसता स्वयंसेवक म्हणून. पगार घेणाऱ्याची जिज्ञासा कमी प्रतीची असं तिथे कोणी मानत नाही. आपल्याकडेच पैशांचं नाव काढलं की ज्ञान बाटतं अशी एक समजूत आहे, आणि ती बहुधा घरून पैसे येणाऱ्यांनीच पसरवलेली असते. मानधनाशिवाय तुला दोन महिने परगावी राहता येणार नसेल, तर तो तुझा हिशेब आहे आणि तो रास्त आहे. अर्जात लिहायची मात्र गरज नाही. मानधन देणाऱ्याला ते ठाऊकच असतं. सर्टिफिकेटचंही तसंच.

तिसरं कारण, लॅब आतून बघायचीय. हे तू इतकं खाली मान घालून का सांगतेस? माझ्या मते विसाव्या वर्षी याच्याइतकं सच्चं कारण दुसरं नाही. आयुष्यात एकदाही खरी संशोधनाची लॅब न पाहिलेल्या मुलीला ‘संशोधन हेच माझं ध्येय’ असं वाटतच असेल, तर मला उलट काळजी वाटेल. तू कशासाठी जाणार? हे काम आपल्याला जमतं का, मुख्य म्हणजे सोसतं का, ते बघायला. आणि हे ठरवायची गरज तुला लवकरच पडणार आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीचं चौथं वर्ष संशोधनासह करता येतं. त्यासाठी यूजीसीच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के लागतात, आणि त्या वर्षात 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. तिसऱ्या वर्षानंतर थांबायचं, चौथं संशोधनाचं घ्यायचं की आणखी काही करायचं, हा निर्णय तू कशाच्या जोरावर घेणार? मैत्रिणी काय म्हणतात त्यावर? “तिसऱ्या वर्षानंतर संशोधनाचे चौथे वर्ष घ्यावे की नाही, हे मला स्वतः काम करून ठरवायचे आहे,” हे वाक्य अर्जात बिनदिक्कत लिही. निवड करणाऱ्यांना ते आवडतं, कारण असं लिहिणारी मुलगी दोन महिने डोळे उघडे ठेवून वावरेल अशी खात्री वाटते.

आता बाटलीकडे येते. तुझ्या पत्रातला हाच भाग मी पुन्हा पुन्हा वाचला.

तू सॅम्पल 50 मिली घेतलं असणार आणि ईडीटीए 0.01 मोलर असणार, बहुतेक कॉलेजांत तसंच असतं. म्हणजे 1 मिली ईडीटीएला 1 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. 37 मिलीचा अर्थ लिटरला 740 मिलिग्रॅम, आणि नळाच्या पाण्यात 180. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, स्वीकारार्ह मर्यादा 200 आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. तुमचं पाणी त्याच्याही वर आहे. आणि डाळ न शिजणं हे काही आईचं गाऱ्हाणं नाही, ते रसायनशास्त्र आहे. दाण्यातल्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. पाण्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं, म्हणून कितीही शिट्ट्या झाल्या तरी डाळ गोटा राहते. आजीच्या काळी डाळीत चिमूटभर खायचा सोडा टाकायचे, तो नेमकी हीच बांधणी सैल करतो.

सर म्हणाले “चुकलं असेल”. चुकलं असूही शकतं! त्यात रागावण्यासारखं काही नाही, वेगळं रीडिंग आलं की सगळ्यात आधी हीच शंका घ्यायची असते. घोटाळा पुढच्या वाक्यात आहे, “नळाचंच लिही” यात. शंका आली तर ती तपासायची असते, आणि सरांनी सोडलेलं ते काम तू मामांकडे जाऊन केलंस. ‘मला प्रेरणा नाही’ म्हणणारी मुलगी दुसऱ्या दिवशी, मार्क मिळणार नसताना, कोणी सांगितलेलं नसताना, तीन वेळा टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब द्रावण सोडून मोजमाप करते. त्या वाईनसारख्या लाल रंगाचा निळा होईपर्यंत ब्युरेटच्या तोटीवर बोट ठेवून बसते. मग निवड समितीने आणखी काय बघायचं?

पण तीनदा तेच आलं म्हणून ते बरोबर असंही नाही. द्रावणच चुकीचं असेल तर तीनच काय, तीसदाही तेच येईल. अर्ज पाठवण्याआधी दोन गोष्टी कर, एका दुपारचं काम आहे. मामांना विचार, ते ईडीटीए कधी बनवलं होतं आणि कशाशी प्रमाणित केलं होतं. मग तुमच्या बोअरचं 25 मिली पाणी घे, त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घाल आणि टायट्रेशन कर. आकडा 18.5 च्या आसपास, म्हणजे बरोबर निम्म्यावर यायला हवा. आला तर सरांच्या शंकेला थोडंफार उत्तर मिळालं. नाही आला तर तुझ्या हाती आणखी मोठा प्रश्न लागला, तेही वाईट नाही.

एक सूचना मध्येच देऊन ठेवते. एका बोअरच्या चार रीडिंगवर गावात ‘पाणी पिऊ नका’ म्हणून सांगत सुटू नकोस. जड पाणी म्हणजे विष नव्हे. शिवाय हार्डनेसच्या टायट्रेशनमधून नायट्रेट किंवा फ्लोराइडबद्दल काहीच कळत नाही. एक नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घेतलास तर तुझ्या आकड्याला दुसरा साक्षीदार मिळेल. त्यांचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे.

मग रकान्यात काय लिहायचं? मी तुला मजकूर लिहून देणार नाही, नाहीतर यंत्राच्या जागी मी आले एवढंच होईल. पण सुरुवात तुझ्याच पत्रातून उचल: बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून ते पाणी प्रॅक्टिकलला नेलं. नंतर आकडे. नंतर पुन्हा केलं तेव्हा काय आलं ते. हे सगळं चार-पाच वाक्यांत मावतं. त्यापुढे, आणि इथेच बहुतेकजण घसरतात, तुला अजून काय माहीत नाही ते लिही. हा हार्डनेस कॅल्शियमचा जास्त की मॅग्नेशियमचा? पाणी उकळून, गार करून, गाळून पुन्हा टायट्रेशन केलं तर आकडा किती खाली येतो, म्हणजे त्यातला तात्पुरता भाग किती? शेजारच्या जुन्या विहिरीचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत फरक आहे का? मे महिन्यातलं आणि पावसाळ्यानंतरचं? तुझ्या जिल्ह्यात एकीकडे कृष्णाकाठी उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेल्या जमिनी, दुसरीकडे जत-आटपाडीचा कोरडा पट्टा. तुमचं गाव यातल्या कुठल्या बाजूला ते तू लिहिलं नाहीस, पण तुला माहीत आहे. यातले एक-दोन प्रश्नच घे. ‘ग्रामीण महाराष्ट्राचा पाणीप्रश्न सोडवायचा आहे’ हे वाक्य चुकूनही नको. दोन महिन्यांत कोणाचाच पाणीप्रश्न सुटत नाही. एखादा धड आलेख हाती लागला तर तुझ्या गाइडला आनंद होईल.

शेवटी आणखी एक वाक्य घाल: मला याच विषयावर काम मिळेल असं नाही, हे मला ठाऊक आहे. कारण खरोखर तसंच होतं. तुला कोणाकडे पाठवतील ते सांगता येत नाही, आणि त्यांच्या लॅबमध्ये तुमच्या बोअरची कोणी वाट बघत नसतं. कदाचित तुझ्या वाट्याला एखादा उत्प्रेरक येईल, एखादं नॅनोद्रव्य येईल. तुझी बाटली पुढचा विषय ठरवण्यासाठी नाही, तू काम कशी करतेस हे दाखवण्यासाठी आहे. तरीही अर्जात गाइडची पसंती विचारली असेल तर मोठ्या नावांमागे न लागता विश्लेषणात्मक रसायन किंवा भूजल यांवर काम करणारी माणसं शोध, आणि त्यांचा निदान एक तरी पेपर उघडून बघ. सगळा समजणार नाही. आलेख आणि निष्कर्ष वाचलेस तरी पुरे.

शिफारसपत्राचा पेच तू विचारलेला नाहीस, पण तो येणारच. ज्या सरांनी ‘नळाचंच लिही’ म्हटलं, त्यांच्याकडेच जा. वही घेऊन जा. “सर, तुम्ही म्हणालात चुकलं असेल, म्हणून परत करून पाहिलं,” एवढंच म्हण आणि आकडे समोर ठेव. बहुतेक शिक्षक अशा वेळी विरघळतात. साठ-साठ मुलांच्या बॅचेस, अपुरी रसायनं आणि वरून जर्नल तपासण्याची घाई, यात त्यांचंही कुतूहल कुठेतरी दबलेलं असतं. नाहीच विरघळले, तर दुसऱ्या एखाद्या शिक्षकाकडे जा. पण अर्जात त्यांची तक्रार नको. तिथे ‘शंका होती म्हणून पुन्हा केले’ एवढंच पुरतं, शंका कोणाची ते सांगायची गरज नाही. मामांना पेढे दे.

तिथे गेल्यावर काय होतं हेही सांगून ठेवते, म्हणजे नंतर मला बोल लावणार नाहीस. पहिले दोन-तीन आठवडे काचेची भांडी धुण्यात, जुने पेपर वाचण्यात आणि उपकरणासाठी आपला नंबर कधी लागतो याची वाट बघण्यात जातात. गाइड आठवड्यातून एखादा तास भेटतात. खरं शिक्षण शेजारी बसलेल्या पीएच.डी.च्या ताईकडून होतं, आणि ती स्वतःच्या थिसिसमुळे वैतागलेली असते. कॅलिब्रेशनची रेघ सरळ येत नाही. आली तर दुसऱ्या दिवशी तशी येत नाही. काही मुलं याला कंटाळतात, आणि कंटाळली म्हणजे ती कमी हुशार असं नाही. काहींना मात्र रात्री मेसमध्ये जेवताना अचानक वाटतं की अरे, बफरचा पीएच बघायचा राहिला, आणि ताट ठेवून ती परत जातात. तू यातली कुठली ते मला सांगता येणार नाही. तुझ्या बाटलीवरून मी पैज मात्र लावेन.

आता पप्पा. ‘एमपीएससी विरुद्ध विज्ञान’ असं भांडण मांडू नकोस, मुळात तसं ते नाहीच. सी. व्ही. रामन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत होते, तेव्हा कॉलेजातल्या साध्या स्पेक्ट्रोमीटरवर लोलकाचा कोन मोजताना त्यांना प्रकाशाचे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे दिसेनात. त्यांनी ते सोडून दिलं नाही. त्यावरचा त्यांचा लेख 1906 मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’मध्ये छापून आला. आणि त्यानंतर त्यांनी काय केलं? सरकारी वित्त सेवेची स्पर्धा परीक्षा दिली, 1907 मध्ये कलकत्त्याला अकाउंटंट जनरलच्या कचेरीत अधिकारी म्हणून रुजू झाले, आणि बाकी राहिलेल्या वेळात बहूबाजारातल्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करत राहिले. पूर्णवेळ प्राध्यापक झाले ते 1917 मध्ये. हे पप्पांच्या तोंडावर फेकायला सांगत नाहीये. ते म्हणतील, तो रामन होता, आणि ते बरोबरच म्हणतील. तुझ्यासाठी सांगितलं, कारण ‘परीक्षा की प्रयोगशाळा’ हे आत्ताच ठरवायला हवं असा जो ताण तू घेतला आहेस, तो उगाच आहे. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत दोन महिने क्लास लावला नाही तर फार बिघडत नाही, क्लास पावसाळ्यातही चालूच असतो.

शिवाय मला शंका आहे की पप्पांचा विरोध संशोधनाला नाही. मुलगी दोन महिने कुठे राहणार, कोणाच्या भरवशावर, खर्च किती, ही चिंता ‘क्लास लाव’ या दोन शब्दांत बसवलेली असते. तर त्यांच्यापुढे प्रेरणा ठेवू नकोस, माहिती ठेव. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, त्यात मानधन असतं, प्रवासखर्च असतो. संस्थेला वसतिगृह आहे का, संस्था कुठल्या गावी, गाइड कोण, हे सगळं एका कागदावर लिहून दे. यंदाच्या तारखा, रक्कम आणि तुमच्या वर्गाला पात्रता आहे का, ते यंदाच्या जाहिरातीत स्वतः वाच. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या गेल्या वर्षीच्या पोस्टवर जाऊ नकोस. आणि शक्य असेल तर सरांना एकदा पप्पांशी बोलायला सांग. ज्या वडिलांना आपण पटवू शकत नाही, त्यांना मुलीच्या सरांचा एक फोन पटवतो, असं मी पुष्कळ पाहिलंय.

आणि हो, विचार करून तुला खरंच एमपीएससीच करावंसं वाटलं, तर खुशाल कर. संशोधन न करणं हा गुन्हा नाही. फक्त ‘मला प्रेरणा नाही’ हे कारण देऊ नकोस, ते खोटं आहे.

निवड नाही झाली तर? होऊ शकतं, अर्ज हजारोंनी येतात. तेवढ्यावर पाणी सोडायचं कारण नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 2004 पासून पदवीच्या मुलांसाठी एनआययूएस हा कार्यक्रम चालवला आहे. त्यात आधी शिबिर आणि मग निवडक मुलांना लांब पल्ल्याचा प्रकल्प असतो, त्याच्या घोषणेवर लक्ष ठेव. घराजवळचं म्हणशील तर शिवाजी विद्यापीठातून ‘आविष्कार’ला जाता येतं. 2006 पासून ती राज्यभरातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा भरते. तिथे तयार मॉडेलं आणि रंगीत पोस्टरं पुष्कळ दिसतात, स्वतः मोजलेले आकडे कमी. तुझ्याकडे आकडे असतील. मात्र त्यासाठी एका बोअरवर भागणार नाही. गावातली पाच-सहा ठिकाणं ठरव, बाटल्यांवर तारीख आणि जागा लिहायची सवय लाव, आणि पहिले नमुने पाऊस सुरू व्हायच्या आत घे. जूनचा पहिला वळीव पडून गेला की या वर्षीचा ‘आधी’चा आकडा तुला पुन्हा मिळणार नाही.